अंगणातील अक्षरे : पालघर परिसरातील घर, पाडा आणि बालवाचनाचा इतिहास

प्रस्तावना

मूल वाचायला कोठे शिकते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘शाळेत’ असे दिले जाते. प्रत्यक्षात ज्या कुटुंबांत दोन-तीन पिढ्या अक्षरे नांदत आहेत, त्या घरांतील मूल शाळेत जाण्यापूर्वीच वाचनाच्या उंबरठ्यावर उभे असते. दारावरील नावाची पाटी, देवघरातील पोथी, भिंतीवरचे कॅलेंडर, सकाळचे वर्तमानपत्र आणि आजीने मांडीवर घेऊन दाखविलेली चित्रे यांतून अक्षर म्हणजे काहीतरी सांगणारी खूण आहे, हे त्याला उमगलेले असते. शाळा पुढे या समजुतीला वळण लावते. परंतु ज्या घरात छापलेला कागद नाही, आईवडिलांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही आणि घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे, त्या घरातील चार वर्षांच्या मुलास ‘घरी वाचायला शिकविणे’ याचा अर्थ काय होतो? महाराष्ट्रात ज्या थोड्या ठिकाणी हा प्रश्न गांभीर्याने आणि दीर्घकाळ हाताळला गेला, त्यांत आजच्या पालघर जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड या आठ तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडिया आदी जमाती राहतात. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पालघरच्या उत्तरेस बोईसर आणि त्याच्या पश्चिमेस तारापूर हा औद्योगिक टापू आहे. आणखी उत्तरेस डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी हे गाव आणि त्याच तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेल्या बालशिक्षणाच्या कार्याची ‘आदिवासींची सेवा’ म्हणून पुष्कळ प्रशंसा झाली आहे. प्रस्तुत निबंधात त्या कार्याकडे एका मर्यादित पण महत्त्वाच्या दृष्टिकोनातून पाहिले आहे. निरक्षर घर आणि वाचायला शिकणारे मूल यांच्यातील अंतर कोणी भरून काढावयाचे, हा तो प्रश्न होय.

निबंधाची उद्दिष्टे

१. मराठी घरातील अक्षरओळखीच्या परंपरेचे स्वरूप व तिची सामाजिक मर्यादा स्पष्ट करणे.
२. बोर्डी व कोसबाड येथील प्रयोगांत घर, अंगण व वाचन यांचा संबंध कसा जोडला गेला, याचा अभ्यास करणे.
३. बोईसर-तारापूर परिसरातील औद्योगिकीकरणानंतर ‘घर’ या संकल्पनेत झालेल्या बदलांच्या संदर्भात या प्रयोगांचे मूल्यमापन करणे.

घरातील अक्षरओळख : परंपरा आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्रात अक्षरओळखीचा प्रारंभ हा घरगुती संस्कार होता. शुभमुहूर्तावर पाटीपूजन होई. मुलाचा हात वडीलधाऱ्यांच्या हातात धरून ‘श्रीगणेशा’ गिरविला जाई. धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढणे, ती पुसणे आणि पुन्हा काढणे हा नित्याचा अभ्यास असे. ‘ओनामा’ हा शब्द आज कोणत्याही कार्याच्या आरंभासाठी वापरला जातो, तो या अक्षरारंभाच्या विधीतूनच आलेला आहे. पुढे पंतोजींच्या शाळेत मोडी अक्षर, उजळणी आणि हिशेब यांचे शिक्षण मिळे. या पद्धतीत लेखन आधी व वाचन नंतर असा क्रम होता. अर्थापेक्षा वळणावर आणि समजण्यापेक्षा पाठांतरावर तिचा भर होता.

ही परंपरा घराघरांतील नव्हती, काही घरांतील होती. ज्या जातींना लेखनाचा व्यवसाय वा अधिकार होता, त्यांच्याच ओसरीवर धूळपाटी असे. त्याच घरांतही मुलीच्या हाती ती क्वचितच येई. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात ‘घरी शिकणे’ हा प्रकार वारंवार आढळतो. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना घरी शिकविले. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाईंना घरातील स्त्रियांचा रोष पत्करून शिकविले. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने लहानपणी संस्कृत शिकविले. या तीनही उदाहरणांत एक समान गोष्ट दिसते. घरात अक्षर जाणणारी एक व्यक्ती होती आणि ते दुसऱ्यास देण्याची तिची इच्छा होती. अशी व्यक्तीच घरात नसेल तर काय करावयाचे, याचे उत्तर या उदाहरणांत मिळत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. घरावर विसंबून चालणार नाही, शासनाने जबाबदारी घेतली पाहिजे, असा त्या मागणीचा आशय होता.

डहाणू-पालघर पट्टा : अक्षराचा दुसरा चेहरा

पालघर परिसरात अक्षरांचा अभाव होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तारापूरशेजारील चिंचणी येथे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले असून त्यांतील एक इ. स. ९२६ चा आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावर जमिनीची दाने अक्षरबद्ध होत होती. प्रश्न अक्षर कोणाच्या हाती होते, हा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील वारल्यांना अक्षर भेटत होते ते सावकाराच्या वहीत, जमीनदाराच्या खात्यात आणि कोर्टाच्या कागदावर. त्यावर त्यांच्या वाट्याला येत होता तो अंगठा. वेठबिगार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढीजात राबणारे ‘लग्नगडी’ यांची नोंद १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालातही झाली होती.

१९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यात वारल्यांचा लढा उभा राहिला. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे झालेल्या मेळाव्यात वेठ न करण्याचा निर्धार झाला आणि ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा सर्व काळ शब्दबद्ध केला. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच १९४५ साली, त्याच प्रदेशात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना झाली. या दोन घटनांची प्रेरणा, विचारसरणी व कार्यपद्धती अगदी भिन्न होत्या आणि त्यांच्यात थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. तथापि ज्या पाड्यांत शिक्षिका जाणार होत्या, तेथील माणसांच्या मनात पांढरपेशा माणूस आणि त्याच्या हातातील कागद यांविषयी कोणती भावना होती, याची कल्पना या लढ्यावरून येते. वाचन शिकविण्याच्या कोणत्याही पद्धतीपूर्वी विश्वासाचा प्रश्न सोडवावा लागणार होता.

भावनगर ते बोर्डी : साक्षर घराकडून निरक्षर अंगणाकडे

आधुनिक भारतीय बालशिक्षणाचा एक उगम घरातच आहे. गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) हे व्यवसायाने वकील होते. १९१३ मध्ये मुलगा झाल्यानंतर त्याच्या शिक्षणाचा विचार करताना ते मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांकडे वळले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकातून पालकांना उद्देशून लेखन होऊ लागले. मुलाला मारू नये, धाक घालू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, अक्षरांची घाई करू नये, हे विचार गुजराती व पुढे मराठी घरांत पोहोचले. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले.

या टप्प्यावरील कार्याचा वाचक आणि लाभार्थी मुख्यतः शहरी, साक्षर, मध्यमवर्गीय पालक होता. ‘शिक्षणपत्रिका’ वाचण्यासाठी आधी आईला वाचता येणे आवश्यक होते. मॉन्टेसरी पद्धतीची साधनेही महाग होती. १९३१ मध्ये लंडन येथे मॉन्टेसरी यांच्या उपस्थितीत बोलताना महात्मा गांधींनी असे शिक्षण केवळ श्रीमंतांच्या नव्हे, तर कंगालांच्या मुलांनाही मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत नयी तालीमची व्याप्ती वाढवून तीत पूर्वबुनियादी म्हणजे शाळापूर्व वयाचा समावेश करण्यात आला. बोर्डीचा प्रयोग या वैचारिक वातावरणात जन्मला. ताराबाईंच्या वयाची त्रेपन्न वर्षे उलटली होती आणि शहरात त्यांचे नाव झाले होते. त्या वेळी त्यांनी आपल्या कार्याचा केंद्रबिंदू खेड्याकडे हलविला.

त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ यांचा जीवनप्रवासही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिका होऊन स्वतःचे आयुष्य उभे केले. नोकरी करीत रात्रशाळेतून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या आणि कोसबाडला काम करीत असताना १९६१ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पदवीधर झाल्या. शिक्षण घरातून आयते मिळत नाही, ते कष्टाने मिळवावे लागते, हा त्यांचा स्वानुभव होता.

अंगणवाडी : शाळेने घराकडे जाणे

बोर्डी येथे प्रारंभी गावात बालवाडी भरू लागली. तेथे गावातील मुले आली, मात्र दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले येईनात. यामागील कारणे स्पष्ट होती. अंगावर कपडे नव्हते, आईवडील पहाटे मजुरीला जात, मोठे भावंड धाकट्यास सांभाळी आणि गावात वावरण्याचा संकोच होता. या स्थितीत ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे होते. ताराबाई व अनुताई यांनी निष्कर्ष उलटा काढला. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली पाहिजे. यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आकाराला आली.

अंगणाची निवड केवळ सोयीची नव्हती. अंगण हे घराचा भाग असते आणि तरीही ते घराबाहेर असते. तेथे येणाऱ्या परक्या माणसावर घरातील बायका काम करता करता नजर ठेवू शकतात आणि मूल कंटाळले तर चार पावलांत आईकडे जाऊ शकते. शिकविण्याची क्रिया आईच्या डोळ्यांदेखत होत असल्याने तीही अप्रत्यक्षपणे त्यात सामील होते. अंगणवाडीत दिवसाचा आरंभ अक्षरांनी होत नसे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, अंगण झाडणे, मग गाणी, गोष्टी, हातांचे खेळ असा क्रम असे. विदेशी साधनांची जागा पाने, फुले, बिया, खडे, शंख-शिंपले व माती यांनी घेतली. आकाराने लहानमोठे खडे लावणे, रंगाने सारख्या पाकळ्या जुळविणे, बियांच्या रांगा करणे या क्रियांतून भेद ओळखण्याची नजर तयार होते. ‘प’ आणि ‘ष’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक पुढे याच नजरेला ओळखावयाचा असतो.

कोसबाड : विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. येथे बोर्डीच्या अनुभवावरून पुढील पाऊल टाकले गेले. शाळेत न येणाऱ्या मुलीच्या कडेवर बहुधा धाकटे भावंड असते, हे लक्षात घेऊन पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात एकत्र आणण्यात आल्या. या संयुक्त रचनेस ‘विकासवाडी’ असे नाव मिळाले. मुलीने भावंडाला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे, अशी ही व्यवस्था होती. जी मुले गुरे चारण्यासाठी दिवसभर रानात असत, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. हीच ‘कुरणशाळा’. मुलाचे काम न थांबविता, गुरांवर लक्ष ठेवीतच, झाडाखाली बसून अक्षरे, आकडे व निसर्ग यांची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न होता.

अंगणवाडी, विकासवाडी आणि कुरणशाळा या तिन्हींमागे एकच सूत्र आहे. मुलाच्या वाचनाआड येणारा अडसर मुलाच्या बुद्धीत किंवा आईवडिलांच्या वृत्तीत नसून कुटुंबाच्या श्रमाच्या वेळापत्रकात आहे. म्हणून वेळापत्रक कुटुंबाने नव्हे, शाळेने बदलावयाचे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला. गौरवाच्या मानाने या सूत्राचा स्वीकार कितपत झाला, हा पुढे विचारात घ्यावयाचा मुद्दा आहे.

वाचनाची पूर्वतयारी आणि मराठी लिपीचे प्रश्न

मॉन्टेसरी पद्धतीत काचकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविणे, अक्षराचा उच्चार ऐकणे आणि त्यातून प्रथम लेखन व मग वाचन असा क्रम आहे. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरविण्याची आपली जुनी रीत वरवर पाहता याहून फार दूर नाही. महत्त्वाचा फरक असा की, जुन्या रीतीत मुलाची तयारी झाली आहे किंवा नाही हा प्रश्नच विचारला जात नसे.

देवनागरी लिपी उच्चारानुसारी असल्याने मराठी वाचन सोपे आहे, असे नेहमी म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ‘घर’ या शब्दातील शेवटचा ‘र’ लिहिताना पूर्ण असला तरी बोलताना त्यातील ‘अ’ ऐकू येत नाही. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी लिहावयाची, पण उच्चारावयाची नंतर. जोडाक्षरांत एक वर्ण अर्धा होतो आणि रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्या मुलाने गोष्टी, गाणी व उखाणे भरपूर ऐकले आहेत, त्याच्या कानात शब्द आधीच पूर्ण असतो. अक्षरांची ही कोडी तो त्या शब्दाच्या आधाराने सोडवितो. ज्याच्या कानात तो शब्दच नाही, त्याला अक्षरे जोडूनही हाती काही लागत नाही.

वारली घरातील मुलाची अडचण नेमकी येथे आहे. पारंपरिक अंकलिपीतील अननस, ऐरण, यज्ञ ही चित्रे त्याच्या अनुभवविश्वातील नव्हेत. त्याच्या भोवती ताड, खाजण, भातखाचरे आणि चिकूच्या वाड्या आहेत. त्याची बोली मराठी व गुजराती यांच्या सीमेवरची आहे. प्रमाण मराठीतील शब्द त्याला अक्षराइतकाच नवा असतो. म्हणजे एका वेळी त्याला दोन अनोळखी गोष्टी शिकाव्या लागतात. म्हणून मुलाच्या बोलीत बोलणे, परिसरातील वस्तूंची नावे घेणे व त्याच्याच अनुभवातून गोष्ट रचणे यांना वाचनपूर्व तयारीत प्राधान्य मिळणे क्रमप्राप्त ठरते.

‘निरक्षर घर’ या शब्दप्रयोगाचीही येथे फेरतपासणी करावी लागते. वारली घराच्या भिंतीवर लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. सुवासिनी तो काढतात आणि धवलेरी गाणी गाते. त्रिकोण, वर्तुळ व चौकोन या आकारांची अत्यंत काटेकोर मांडणी त्यात असते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ही कला जगभर नेली व २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या घराच्या भिंतीवर खुणांतून कथा सांगितली जाते, ते घर संकेतचिन्हांच्या बाबतीत दरिद्री म्हणता येत नाही. शाळेने या हातांकडे अक्षरांची पूर्वतयारी म्हणून क्वचितच पाहिले, हे येथील शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठे दुर्लक्ष मानावे लागेल.

बोईसर-तारापूर : तीन प्रकारची घरे

बोर्डी-कोसबाडचा प्रयोग शेती, कुरण व पाडा या व्यवस्थेत घडला. दक्षिणेस बोईसर-तारापूर येथे मात्र काही वर्षांतच वेगळी परिस्थिती निर्माण झाली. तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत उभी राहिली आणि रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आले. अणुविद्युत केंद्राच्या २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना स्थलांतर करावे लागले. परिणामी आठ-दहा किलोमीटरच्या परिसरात घरांचे तीन भिन्न प्रकार शेजारी-शेजारी आले.

पहिला प्रकार वसाहतीतील सुशिक्षित नोकरदाराच्या घराचा. येथे ‘घरी वाचायला शिकविणे’ हे आईवडिलांच्या दिनक्रमातच बसते आणि मूल बालवर्गात जाण्यापूर्वी, बहुधा इंग्रजी, अक्षरे ओळखते. दुसरा प्रकार चाळीतील परप्रांतीय कामगाराच्या खोलीचा. येथे घरची भाषा हिंदी, भोजपुरी, ओडिया वा बंगाली असते आणि पाळ्यांच्या कामामुळे वडील झोपलेले असताना मूल जागे असते. आईला वाचता येत असले तरी ती वेगळी लिपी असण्याची शक्यता असते. तिसरा प्रकार जुन्या पाड्यातील घराचा. त्याच्याभोवती कारखाने उभे राहिले, परंतु त्याचे अंगण आक्रसले. हे घर आता निरक्षर राहिलेले नाही. अनेक घरांत शाळेत गेलेली एक पिढी आहे. मात्र शाळेत जाणे आणि अर्थासह वाचता येणे यांतील अंतर त्या पिढीनेच भोगले आहे.

या तीन घरांतील मुले सहाव्या वर्षी पहिलीत प्रवेश घेतात, तेव्हा पाठ्यपुस्तक त्यांना समान मानते. विषमतेचा आरंभ मात्र त्याआधीच्या तीन वर्षांत झालेला असतो. जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. त्यांच्या बाबतीत तर ‘घर’ हेच वर्षातून दोनदा बदलते. भट्टीवरील झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर सुरू केलेल्या ‘भोंगा शाळा’ म्हणजे कुरणशाळेच्या सूत्राचाच नव्या परिस्थितीतील आविष्कार होता. तत्पूर्वी १९८२ मध्ये अनुताई वाघ व प्रा. रमेश पानसे यांनी स्थापन केलेल्या ग्राममंगल संस्थेने डहाणू तालुक्यातील ऐने येथे आणि पुढे विक्रमगड परिसरात मुलाच्या अनुभवावर आधारित शिक्षणाचे काम चालू ठेवले.

अंगणवाडीचे राष्ट्रीयीकरण : लाभ आणि हानी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रास ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. या नावाचे व कल्पनेचे मूळ बोर्डीच्या प्रयोगात मानले जाते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तीत समाविष्ट होत्या. व्यवहारात शाळापूर्व शिक्षण हा घटक मागे पडला. यामागे उदासीनतेइतकीच निकडही होती. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. ज्या भूभागात मूल जगेल की नाही हा प्रश्न होता, तेथे आहार आणि वजनकाटा यांना प्राधान्य मिळणे अपरिहार्य होते. तथापि ताराबाई-अनुतांईच्या कार्यक्रमात आंघोळ, आहार, गाणे व खडे जुळविणे या एकाच सकाळच्या गोष्टी होत्या. पोषण आणि शिक्षण यांची जी फारकत पुढे झाली, ती मूळ प्रयोगात नव्हती.

दुसरी हानी जागेची झाली. योजनेच्या विस्ताराबरोबर अंगणवाडी अंगणातून इमारतीत गेली. पावसाळा, सुरक्षितता व साठवण यांच्या दृष्टीने इमारत आवश्यकच होती. परंतु त्यामुळे आईच्या डोळ्यांदेखत घडणारे शिक्षण तिच्या नजरेआड झाले. कायद्यानेही या वयोगटाला पूर्ण आधार दिला नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले, तर सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानून या वयाकडे पुन्हा लक्ष वेधले.

मार्च २०२० नंतर कोविड साथीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या आणि वाचन शिकविण्याची जबाबदारी अचानक घरावर येऊन पडली. वर वर्णिलेल्या तीन घरांपैकी पहिल्या घराने ती पेलली. उरलेल्या दोन घरांत मोबाइल, भाषा आणि वेळ या तिन्हींचा तुटवडा होता. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबविताना माता पालकांचे गट करण्यात आले. घरातील साध्या वस्तूंतून मुलाची तयारी करून घेण्याची त्यातील कल्पना बोर्डीच्या विचाराशी जवळचे नाते सांगते. मात्र एक फरक नजरेआड करता येणार नाही. बोर्डीत शिक्षिका अंगणात येत होती आणि आई पाहत होती. येथे आईने शिकवावे, अशी अपेक्षा आहे. भातलावणीहून किंवा कारखान्याच्या पाळीहून परतलेल्या आईच्या वेळेचा हिशेब या अपेक्षेत धरला नाही, तर साहाय्याचे रूपांतर दोषारोपात होण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष

१. मराठी समाजातील घरगुती अक्षरओळखीची परंपरा जात व लिंग यांनी मर्यादित होती. ‘मूल घरीच वाचायला शिकते’ हे विधान साक्षर घरांपुरतेच खरे आहे आणि ते सर्वांना लागू केल्यास निरक्षर घरावर अन्याय होतो.

२. बोर्डी-कोसबाड येथील प्रयोगांनी ही परंपरा उलटविली. घराने शाळेसाठी तयार व्हावे, या अपेक्षेऐवजी शाळेने घराच्या श्रमव्यवस्थेशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व त्यांनी कृतीत आणले.

३. लहान मुलाच्या वाचनाची पूर्वतयारी अक्षरांत नसून बोली, श्रवण, हात व नजर यांत आहे. ही सामग्री निरक्षर घरातही असते. वारली चौक हे त्याचे ठळक उदाहरण होय. शाळेने तिची दखल घेणे आवश्यक आहे.

४. बोईसर-तारापूर परिसरात औद्योगिकीकरणाने घरांचे भिन्न प्रकार एकत्र आणले. तेथे एकच पद्धत सर्व मुलांना लागू करता येत नाही. बहुभाषिक चाळीतील मुलाचा प्रश्न पाड्यातील मुलाच्या प्रश्नाइतकाच गंभीर असून त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

५. शासकीय योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव स्वीकारले, पण अंगणाचे तत्त्व तिच्यात क्षीण झाले. मातांचा सहभाग मिळवावयाचा असेल तर प्रशिक्षित आणि पुरेसे वेतन असलेली शिक्षिका प्रथम अंगणापर्यंत पोहोचली पाहिजे.

ताराबाई आणि अनुताई यांनी बोर्डीच्या पाड्यावर ज्या मुलांना प्रथम आंघोळ घातली, त्यांची नातवंडे-पतवंडे आज शाळेत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला अर्थासह वाचता यावे, ही जबाबदारी केवळ त्यांच्या आईवर टाकता येणार नाही. पालघर परिसराचा आठ दशकांचा इतिहास याची साक्ष देतो.